बर्मी वर्गातली माझी खुर्ची

सर्व संबंधितांस विदित व्हावे की, भाषाभवनाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पेयविक्रीच्या यंत्रात मिळणारे मक्याचे गरम सूप ऐन नोव्हेंबरात बंद करून तिथे थंड लिंबूपाणी ठेवण्यात आले आहे. हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला आणि ती खोली कितपत उबदार होती, याचा तपास माझ्या पश्चात कोणीतरी करावा. एवढी नोंद केल्याशिवाय मरणे मला प्रशस्त वाटेना.

ती झाली. आता मी, उगाकी तोमोहारु, वय सत्तावन्न, राहणार कोबे, शिओमिदाइ परभाषा विद्यापीठात संस्कृतचा अध्यापक आणि तिथल्याच मासिक पत्रिकेचा बिनपगारी वार्ताहर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझी पत्नी फुसाए हिचे याविषयी वेगळे मत आहे, पण तिने ते लेखी दिलेले नाही. परवा मंगळवारी माझ्या हृदयाजवळच्या एका फुगलेल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया आहे. शल्यविशारद तरुण आहेत, हसतमुख आहेत, आणि ‘अजिबात काळजी करू नका’ असे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले की मी कागद घेऊन बसलो.

कलम पहिले. डोंगरउतारावरचे घर, बँकेतली शिल्लक आणि अंगणातले संत्र्याचे झाड फुसाएचे. कुंपणापलीकडे झुकलेल्या फांद्यांवरची संत्री शेजारी हिराबायाशी यांनी घेत राहावे. आजवर ते विचारत नव्हते. यापुढे विचारण्याची गरज नाही.

(इथे फुसाए खांद्यावरून डोकावली. “अहो, मृत्युपत्र लिहिताय की पत्रिकेतला लेख? घर कुणाचं ते लिहून झालं ना? मग उठा, चहा निवतोय.” मी म्हटले, दोनच कलमे राहिली आहेत. ती म्हणाली, “तुमची दोन कलमं मला माहीत आहेत. मी पुन्हा पाणी ठेवते.” सदर संभाषण मृत्युपत्राचा भाग समजू नये.)

कलम दुसरे. माझे संस्कृत ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयास. समासांत मी पेन्सिलीने टीका केली आहे. ती खोडू नये. ज्यांच्यावर केली आहे त्यांतले बरेचजण आधीच गेले आहेत, तेव्हा काय तो वाद आता आम्ही समक्षच मिटवू.

कलम तिसरे. विद्यापीठाच्या इतिहासाचे माझे अपुरे हस्तलिखित कुलसचिवांस द्यावे. त्यांनी ‘आपल्या गौरवशाली वाटचालीचा आढावा’ मागवला होता. मला त्या वाटचालीत गौरव कमी आणि चिखल जास्त सापडला, आणि त्यामुळेच माझा आदर दुणावला. छापताना चिखल काढू नये, एवढीच अट.

कारण सुरुवातच तिथे आहे. आमच्या संस्थापिका इवाशिता किनुबाई बंदराजवळ खलाशांसाठी खानावळ चालवत. बाँबहल्ल्यात खानावळ जळाली. नवरा समुद्रावरून परतला नाही. युद्ध संपल्यावर बाईंनी त्याच जळक्या जागेवर पत्रे ठोकून संध्याकाळची शाळा काढली. शिक्षक म्हणजे बंदरात अडकून पडलेली माणसे: एक रशियन पाववाला, एक चिनी शिंपी, आणि शिकायला येऊन परतीचे जहाज न मिळालेला एक बर्मी तरुण. लोक विचारत, “बाई, ताटात भात नाही आणि या परभाषा कसल्या शिकवताय?” बाई म्हणत, “इतकी वर्षं आपण नुसते ओरडत होतो. आता जरा ऐकायला शिकू या.”

बाईंनी दोन नियम घातले. शिकवणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी स्वतःला न येणाऱ्या एका भाषेच्या पहिल्या वर्गात शिकाऊ म्हणून बसायचे, परीक्षा द्यायची, आणि गुण उपाहारगृहाच्या दारावर सर्वांसमक्ष लावायचे. नापास झाल्यास पुढच्या वर्षी पुन्हा तोच वर्ग. दुसरा नियम असा की पटावर एकही नाव असेपर्यंत कोणत्याही भाषेचा वर्ग बंद करायचा नाही. बाई स्वतः रशियनच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत आणि वर्षानुवर्षे नापास होत. पाववाला त्यांना सुनावत असे, “पगार तुम्ही देता, बाई, पण गुण मी देतो!” बाई मान खाली घालून वही उघडत.

मोठमोठे भाषापंडित इथे पोरांच्या शेजारी बसून “ही खिडकी आहे, ते दार आहे” म्हणताना मी पाहिले आहेत. पुष्कळ विद्यापीठे पाहिली. अध्यापकाला दरवर्षी लाजवून माणसात ठेवणारे हे एकच.

कलम चौथे, आणि माझ्या दृष्टीने मुख्य. व्यवस्थापनाने यंदापासून बर्मी भाषेचे नवे प्रवेश थांबवले. जुने विद्यार्थी, सगळे शेवटच्या वर्षाचे, मार्चमध्ये पदव्या घेऊन गेले. पटावर एकच नाव उरले, ते माझे, कारण मी गेल्या वर्षी बर्मीत नापास झालो होतो. वर्ग वाचावा म्हणून मी मुद्दाम नापास झालो, असा एक गोड गैरसमज विद्यापीठात पसरला आहे. खेदाने नमूद करतो की मी मनापासून अभ्यास केला होता.

तेव्हा आमचा वर्ग एकाचा आहे. शिकवतात दॉ खिन म्या थ्वे. त्यांना आम्ही त्यांच्या रीतीने सयामा, म्हणजे गुरुबाई, म्हणतो. दर बुधवारी त्या भरल्या वर्गाला पुरतील एवढे खडू आणतात, फळ्याच्या टोकापर्यंत लिहितात, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवतात. आधी हजेरी.

“उगाकी तोमोहारु?”

“हजर, सयामा.”

“खिडकीबाहेर बघायचं नाही.”

“वर्गात मी एकटाच आहे, सयामा.”

“म्हणूनच लगेच दिसतं!”

आमच्या रिवाजाप्रमाणे एखाद्या अध्यापकाला मध्येच वर्ग सोडावा लागल्यास दुसरा अध्यापक त्याच्या जागी बसू शकतो. मात्र बसणाऱ्याची संमती लागते. त्या वर्गातली माझी खुर्ची मी कुरोसे योशिताका यांस देत आहे. हे फ्रेंचचे अध्यापक, सध्याचे अधिष्ठाता, माझ्याच वर्षी रुजू झालेले, आणि बर्मीचे प्रवेश थांबवण्याचा ठराव मांडणारेही तेच. साक्षीची सही करायला ते आले आहेत आणि आत्ता माझ्यासमोर बसून हे कलम वाचत आहेत.

“अरे, खुर्ची काय वारसाहक्कानं देतात?”

“मग तुझी काय लायकीवर मिळाली?”

“चेष्टा पुरे. ठराव मी मांडला, आणि मीच जाऊन तिथं बसू? लोक हसतील, उगाकी.”

“नापास झालास की आणखी हसतील. दारावरच लागेल.”

“आणि तू धडधाकट परत आलास तर?”

“तर दोघं बसू. तुझ्या वहीत बघून मी एकदाचा पास होईन.”

कुरोसे हसले नाहीत. चष्मा पुसत “बघू” म्हणाले. त्यांचे “बघू” मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. ते कोणत्या बाजूला पडेल हे मला कधीच आधी सांगता आलेले नाही.

त्यांनाच का, असे कोणी विचारील. ते अरबीच्या वर्गात शिकाऊ होते तेव्हा परीक्षेच्या सकाळी जिन्यात भिंतीकडे तोंड करून धडा घोकताना मी त्यांना पाहिले आहे. ज्याला या वयात, या पदावर, पहिल्या धड्याची इतकी धास्ती वाटते तो किनुबाईंचा माणूस आहे. त्याचा ठराव काहीही म्हणो.

कलम पाचवे. अंत्यविधी देवळातल्या नेहमीच्या भिक्षूंकडून व्हावा. ते संस्कृत मंत्र ज्या थाटात म्हणतात त्याविषयी मी आयुष्यभर तोंड आवरले आहे. शवपेटीतूनही दुरुस्ती करणार नाही, अशी हमी देतो. जेवणात ईल मासा असावा. मात्र प्राध्यापकांआधी विद्यार्थ्यांना वाढावे, नाहीतर त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

माझे लिहिणे संपत आले. मला मंगळवारची काळजी नाही. मंगळवारी मी झोपलेला असेन. काळजी बुधवारची आहे. मी वाचलो तरी त्या दिवशी वर्गात नसेन, आणि कुरोसेने अजून हो म्हटलेले नाही. सयामा वेळेवर येतील, माझे नाव पुकारतील. उत्तर आले नाही म्हणून त्या निघून जाणार नाहीत. फळ्याकडे वळतील आणि रिकाम्या खोलीला पूर्ण तास शिकवतील, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांना ओळखतो म्हणून सांगतो. मला त्याची भीती वाटते.

स्थळ: कोबे
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४, रविवार

उगाकी तोमोहारु
(सही व शिक्का)

साक्षीदार (कायदा मागत नाही; फुसाए मागते):
१. हिराबायाशी गेन्जिरो, निवृत्त बोट कप्तान, शेजारी
२. कुरोसे योशिताका, अध्यापक (तूर्त फक्त सहीपुरता)