शिलाच्या पाठवणीची गाडी

शिरड शहापूरजवळचा तांडा,
वैशाख, १९९८

रतनसिंगभाऊ, तुमच्या बहिणीच्या धन्याचा, म्हणजे हिरासिंगचा, वाकून रामराम. वहिनींचा गुडघा, तुमचा खोकला आणि तुमच्या जीपचा धूर, तिन्ही आता कमी असतील असं धरून चालतो. आमच्याकडे माणसं खुशाल आहेत. गाडीचं पुढं येईलच.

शिलाचं लग्न आठवड्यावर आलं, तरी तिची पाठवणी माझ्या अँबेसिडरमधून की तुमच्या जीपमधून, हे आपलं भांडण मिटलेलं नाही. मामाचा हक्क मी मानतो. पण बापाचीही हौस असते हो, पोरगी आपल्या दारातून आपल्याच गाडीत बसून निघावी. खरं सांगायचं तर तुमच्या जीपला हूड नाही, दारं नाहीत आणि उतारावर लावल्याशिवाय ती चालू होत नाही (तुमच्या हट्टा गावात उतार नाही म्हणून तुम्ही अंगणात मातीचा ढीग घातला, हे सगळ्या सोयऱ्यांना ठाऊक आहे). नवरी सासरी पोचेपर्यंत धुळीनं ओळखू यायची नाही. माझ्या गाडीला छप्पर आहे, चार दारं आहेत (दोन उघडतात) आणि गादी अशी की बसल्याबरोबर झोप लागावी. ती पेट्रोल जास्त पिते, कबूल. तुमची ऑइल पिते.

परवा नागनाथापुढं पहिली पत्रिका ठेवायला औंढ्याला गेलो. गाडी बराबर चालली. चढावर तापली, तेव्हा बॉनेट उघडून इंजिनावर ओलं फडकं टाकलं. ते वाळलं तसा माझा फेटा भिजवून टाकावा लागला, त्यामुळे देवापुढं बोडक्यानंच उभा राहिलो. येताना यात्रेकरूंनी ढकललं. भली माणसं होती, दर्शन सोडून आली.

आता मुद्द्याचं. आपल्यात नवरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून माहेराचं भलं मागत गाते, हे तुम्हाला काय सांगायचं? आमच्या दारात आता बैल नाही, म्हणून म्हटलं बॉनेटवर उभी राहील. आधी तुमच्या बहिणीला, रूपाबाईला, चढवून पाहिलं. "काहून चढवून राहिले मला या डब्यावर?" म्हणत ती चढली, पण चढल्यावर गायलाच लागली, तिच्या पाठवणीच्या वेळचं. तांडा गोळा झाला, बाया रडायला लागल्या. हँडब्रेक नसल्यामुळे गाडी मी धरून उभा होतो. डोळे पुसायला हात काढला आणि गाडी निघाली. तुमची बहीण गात गात शेजारच्या धुरपताबाईच्या कडब्याच्या गंजीत गेली. लागलं काही नाही. उरलेलं गाणं तिनं गंजीतूनच पुरं केलं.

तरी माझं मत कायम आहे. दोन्हींत अँबेसिडरच बरी.

तुमचा,
हिरासिंग

ता. क. येताना जीप आणा आणि जाड दोर आणा. गाडी अजून गंजीतच आहे.

आणखी एक ता. क. शिला म्हणते, "मी कोणत्याच गाडीवर उभी राहणार न्हाई, बा. आपला ढवळ्या आणा." ढवळ्या म्हणजे तोच बैल, जो ही गाडी घेण्यासाठी मी तुम्हाला विकला. भाऊ, बाकी काही आणू नका, एका दिवसासाठी त्याला आणा. लेकरू असताना ती पाठीवर चढली की तो कान हलवायचा नाही. त्याला धरावं लागत नाही. म्हणजे तिचं गाणं होईपर्यंत मला डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे राहतील.