ग्रंथी कोणाची तपासली?

चंद्रपूर, जानेवारी २००६
गुरुवार, संध्याकाळ

एका चांगल्या बातमीची किंमत: माझ्या बायकोच्या, सुमनच्या काखेत एक जादा चीर आणि माझी दवाखान्यातल्या बाकड्यावरची सकाळ. बातमी खरी असेल तर स्वस्तच पडली. पण खरी आहे का?

नागपूरहून आलेल्या डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. स्तनातली गाठ काढताना कॅन्सर पसरताना आधी जिच्यात उतरतो ती काखेतली पहिली ग्रंथी काढायची, शेजारच्या खोलीत लगेच तपासायची. तिच्यात कॅन्सर उतरला नसेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुपारी बाहेर येऊन म्हणाले, "भाऊ, ग्रंथी साफ आहे. पाच महिने गाठ अंगावर काढूनही पसरलं नाही, नशीब समजा."

पाच महिने? आम्हाला तर पंधरा दिवसांपूर्वी कळलं. आज ऑपरेशनला दोन बायका होत्या, दुसरी एटापल्लीची. पाच महिने तिचे असतील. तिची साफ ग्रंथी सुमनच्या नावावर तर नाही ना लावली? मी गॅरेजवाला. आवाजावरून जीपचा बिघाड सांगतो, आणि माणूस काही लपवत असेल तर तेही. ते पाच महिने कानातून जाईनात.

आत्ता सुमन नीट शुद्धीवर आली. हळूच म्हटलं, "डॉक्टरनं अदलाबदल केली वाटते. तो पाच महिने म्हणून राह्यला."

"त्याच्यावर काऊन संशय घेता?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "मीच सांगतलं त्याले. पोळ्यापासून गाठ हाताले लागत होती. तुम्ही नव्या गॅरेजच्या गडबडीत होते."

म्हणजे ग्रंथी तिचीच. आणि साफच.

पोळ्यापासून रोज रात्री आम्ही शेजारी बसून जेवलो, आणि मला काहीच कळलं नाही.