बाकाची उंची

३ नोव्हेंबर

चि. ताईस आईचे अ. आ.

पत्र पोचलं. पुलाच्या कामावर तुझा सहा महिने मुक्काम, तोवर तुझी लेक भिंगरी माझ्याकडे, आणि पहिल्या आठ दिवसांत ती रमली नाही तर तू पुलाला नकार देणार. तुझी अट मान्य. गेल्या खेपेला ही बया तुझ्या कडेवरून खाली उतरली नव्हती, हे मी विसरलेली नाही.

मागचं अंगण मोकळं केलं आहे. विकत काहीही आणणार नाही. जुन्या खाटेच्या फळ्यांचा बाक, त्यासमोर शेजारच्या बांधकामावर उरलेली वाळू, आणि सुतारबुवांनी टाकून दिलेला टायर. चार वर्षांच्या पोरीला एवढं पुष्कळ झालं. बाक मात्र तिच्या मापाचा हवा. दोऱ्याने माप घेऊन पाठव. आकडे नकोत, तुझी टेप आणि माझी टेप कधीच जुळलेली नाही.

मी कुणाचं ऐकूनच घेत नाही, असं जाताना म्हणाली होतीस. या खेपेला तू सांगशील तसंच करीन. बघच.

लोभ आहेच, तो मागायला नको.
आई

८ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

दोरा सोबत आहे. जाड गाठ सुरुवातीची, बारीक गाठीवर बाकाची उंची, आणि दुसऱ्या टोकापर्यंत तिची पूर्ण उंची. बाईसाहेब सरळ उभ्या राहीनात, गुदगुल्या करून माप घेतलं.

तू माझं ऐकणार हे वाचून अक्षर तुझंच आहे ना, ते दोनदा पाहिलं! खरं सांगू का, अट मी घातली, पण काय व्हावं ते मलाच समजत नाही. ती रमली तर माझ्या पोटात तुटेल. नाही रमली तर पूल हातचा जाईल. आजवर नाले आणि गटारंच बांधत आले, पूल हा पहिलाच.

सतरा तारखेला दादा तिला आणून सोडेल. मी आले तर ती उतरायची नाही.

जपून राहा, आणि माझ्यावर फार रागावू नकोस.
तुझी ताई

१३ नोव्हेंबर

चि. ताईस अ. आ.

बाक झाला. पोरगी सव्वातीन फुटांची आणि बाक जवळजवळ अडीच फूट! दोरा तीनदा लावून पाहिला, गाठ तिथेच येते. सुतारबुवा हसले आणि नातीला शिडीही करून देऊ का म्हणाले. सांगितलंय तेवढं करा, असं मी त्यांना सुनावलं. मुलांना उंचावर बसवण्याचं काही नवीन शास्त्र निघालं असेल, मला ठाऊक नाही. तुला उलट विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारतेच. हे बरोबर आहे ना?

उत्तर लगेच धाड. माया आहे म्हणूनच विचारते.
आई

१६ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

अडीच फूट कुणी सांगितलं? बाक जेमतेम अकरा इंचांचा हवा. माप मीच चुकवलं की काय, काही कळेनासं झालंय. भिंगरीची पिशवी भरून ठेवली आहे. आता थांबवता येत नाही. सांभाळून घे.

ताई

२५ नोव्हेंबर

चि. ताईस अ. आ.

चूक सापडली. तू माप जमिनीपासून वर घेतेस, भिंती बांधणारी ना तू! मी चाळीस वर्षं कपडे शिवले, माझं माप वरून खाली येतं. तुझी जाड गाठ पायाशी होती, मी ती डोक्याशी धरली. तुझं ऐकायच्या नादात माझी अक्कल गहाण पडली.

आता आठ दिवसांचा हिशोब. भिंगरी बाकावर एकदाही बसली नाही. बाक तिच्या छातीला लागतो. वाळूला बोट लावलं नाही, टायरकडे पाहिलंही नाही. पहिल्या दिवशी ती जी बाकाखाली जाऊन बसली, ती जेवायला आणि झोपायलाच बाहेर येते. सुतारबुवा पाय कापायला करवत घेऊन आले, तर तिने बाकाच्या पायाला मिठी मारली.

काल दुपारी ती आई पाहिजे म्हणून रडली, चांगली अर्धा तास. काय करावं मला सुचेना. शेवटी मीही बाकाखाली शिरले. माझे गुडघे तुला माहीत आहेत. रडता रडता ती थोडी सरकली आणि मला जागा करून दिली.

याला रमणं म्हणायचं की नाही? जन्मात मी कुणाला, मला कळत नाही असं सांगितलेलं नाही. आज तुला सांगते. ठरव तू.

जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूने.
आई

२८ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मलाही ठरवता येईना. ती रडली हे वाचून जिवाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. पण आई, माझ्यावर रुसली की ती मला जवळ फिरकू देत नाही. रडताना जागा तिने आजवर कुणालाही दिलेली नाही.

सोमवारी पुलावर हजर होते आहे. ती रडली तर कळव, नाही रडली तरी कळव.

दोघींची,
ताई