'हं' म्हटल्याशिवाय दांडा नाही

ता. ३ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी ठीक, तिचा गुडघा तिच्या मर्जीप्रमाणे. तू लिहीत नाहीस म्हणून मी लिहिलं नाही, मी लिहीत नाही म्हणून तू लिहिलं नाहीस, आणि दोघांच्या ताठ्यात वर्ष निघून गेलं. मागच्या वर्षी आप्पांचा पत्र्याला भोकं पाडायचा हातप्रेस मी तोंड उघडून मागितला तेव्हा तू नाही म्हणालास, आणि आता तोंडातून शब्द न काढता दारात आणून उतरवलास. तेव्हा पोच देणं भाग आहे. पोचला. आभार वगैरे.

अक्षर वाकडं दिसेल. दोष या टेबलाचा. आधी याच टेबलावर प्रेस बसवला होता, तेव्हापासून त्याचे चारही पाय चार दिशांना निघालेत.

गाडीवाल्याने प्रेसबरोबर तुझी चिठ्ठी दिली. एवढं मोठं धूड पाठवलंस आणि चिठ्ठीत ओळ एक: "दादा, एकट्याने चालवू नकोस." अरे, जन्मभर कारखान्यात यंत्रं चालवली ती काय तुझं बोट धरून? आप्पांच्या वेळी आपण दोघं लागायचो, तू पंचाखाली पत्र्याचा तुकडा बसवून हात काढायचास, 'हं' म्हणायचास आणि मग मी दांडा ओढायचो, ते आपण पोरं होतो म्हणून. मोठ्या माणसाला बसवायला एक हात आणि ओढायला दुसरा पुरतो.

पण तुला चष्म्याच्या दुकानात बसून समोरच्याला जे दिसत नाही ते दाखवायची खोड लागली आहे. मागच्या भेटीत तुझ्याकडे माझ्या हातून चहा सांडला, त्यावरून तू हे सगळं रचलंस, ठाऊक आहे मला. तुमच्या कपांचे कान एवढेसे की धड माणसाचं बोट आत जात नाही. त्याला मी काय करू?

कामाचं बोलू. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला जुन्या कुलपांसाठी पितळी चकत्या हव्यात, मधोमध भोक असलेल्या. त्या मापाच्या विकत मिळत नाहीत. मी शब्द दिला, आणि "काकांनी शब्द दिला म्हणजे झालंच" असं तो गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय. पण भोक काही मधोमध पडत नाही. कधी इकडे सरकतं, कधी तिकडे. कारण उघड आहे. दांडा ओढला की टेबलही त्याच्याबरोबर फिरायला निघतं.

आप्पांची पेल्याची परीक्षा आठवते ना? काठोकाठ भरलेला पेला यंत्राशेजारी ठेवायचा, दांडा ओढायचा, आणि थेंब सांडला तर यंत्र बंद. इथे थेंब कसला, आख्खा पेलाच तुझ्या वहिनीच्या पायावर पडला. ती जे बोलली ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

लोखंडी स्टँड करून घेतो आहे. काही सुचत असेल तर कळव. स्टँडबद्दल. बाकी काही नको.

तुझा,
दादा

ता. २६ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार पानांतली साडेतीन कामाची निघाली. पाय खाली रुंद ठेव, वरची प्लेट जाड घे, उंची अशी घे की दांडा ओढताना खांदा वर चढणार नाही. सगळं केलं. उरलेल्या अर्ध्या पानात तू हाताची चौकशी केली आहेस. त्याचं उत्तर देत नाही. पत्रव्यवहार स्टँडचा चालला आहे.

स्टँड करायला जो वेल्डर मिळाला त्याला इथे सगळे ठिणगी म्हणतात. जीभ भराभर चालते, हात सावकाश. आणि प्रत्येक वाक्यामागे 'हं' लावतो. पहिला सांगाडा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, यावर हत्ती उभा करा, हं!"

"हत्ती नको, प्रेस उभा करायचाय. तिरप्या पट्ट्या कुठायत?"

"तिरप्या कशाला? वजन आरामात पेलतंय की, हं."

"वजन पेलायचं नाही रे बाबा, पीळ पेलायचाय. दांडा गरकन फिरतो तेव्हा सगळा स्टँड पिळवटून निघतो. नुसत्या उभ्या पायांनी काय होणार?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. मग त्याने तीन बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारल्या, चौथी बाजू उभं राहायला मोकळी ठेवली. एवढं करून स्टँड खोलीत आणला तर पाय चार आणि टेकलेले तीन. फरशी फोडून पाय बोल्टने जखडायचे ठरवलं तशी तुझी वहिनी दारात आडवी.

"आयुष्यभर घरात भंगार आणलंत, आता घराचंच भंगार करा!"

"अगं, फरशी वाकडी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं."

मी तिच्या हातात पातळी बघायची पाणसळ दिली आणि म्हटलं, स्वतः लावून बघ. तिने लावली. फरशी खरोखरच वाकडी निघाली. ती उठून आत गेली. जिंकलो तर मीच होतो, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही.

आता पाय जखडले, खाली सिमेंट भरलं, आठ दिवस हात लावला नाही. तरी भोक मधोमध पडत नाही! डोकं फिरायची वेळ आली आहे. कुलूपवाला रोज जाता-येता आत डोकावतो, आणि मी रोज त्याला स्टँडची नवी कहाणी सांगतो.

म्हणून आता सरळ विचारतो. प्रेसचं मळसूत्र सैल झालंय का? तुझ्या दुकानामागे इतकी वर्षं गंजत पडला होता. कोणाला वापरायला दिला होतास? आप्पांची एवढी एक वस्तू, तीही तुला नीट सांभाळता आली नाही असं निघालं तर मला नवल वाटणार नाही.

बोटाला पट्टी आहे म्हणून इथेच थांबतो. पत्र्याची कड लागली, बाकी काही नाही. तुझी वहिनी वेगळं काही कळवेल तर त्यावर जाऊ नकोस, तिला तिखटमीठ लावायची सवय आहे.

तुझा,
दादा

ता. १९ मार्च

प्रिय खिळ्या,

आशीर्वाद नंतर. आधी मळसूत्राबद्दल लिहिलं ते मागे घेतो. तुझं उत्तर आलं नाही तेव्हाच समजायला हवं होतं. ठिणगीने प्रेस खोलून पाहिला. आत कुठे गंजाचा ठिपका नाही, सगळीकडे तेलाचा हात फिरलेला. म्हणाला, "काका, हे कोणीतरी जीव लावून ठेवलंय, हं." म्हणजे इतकी वर्षं तू त्याची निगा राखत होतास आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी तुला नाही नाही ते लिहिलं तेव्हाही नाही. तुझं हे गप्प बसणं कधीकधी बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

मळसूत्र घट्ट, स्टँड घट्ट, मग बिघाड कुठे? मी म्हटलं, आप्पांची परीक्षा घेऊ. तुझ्या वहिनीकडून पेला काठोकाठ भरून मागवला. तिनेच तो स्टँडवर ठेवला. ठिणगीला म्हटलं, ओढ जोर लावून. त्याने अंगातला सगळा जोर लावून दांडा ओढला. पंच दाणकन खाली आला. पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही. पुन्हा ओढायला लावलं. एक थेंब सांडला नाही, खिळ्या. असा स्टँड आप्पांच्याही नशिबी नव्हता.

मी खूश. ठिणगी तर नाचायचाच बाकी होता. तुझी वहिनी म्हणाली, "झालं ना समाधान? आता ते पाणी वाया घालवू नका, पिऊन टाका."

मी पेला उचलला.

ओठापर्यंत येईतो अर्धा रिकामा झाला. शर्टावर सांडला, स्टँडवर सांडला, ठिणगीच्या पायांवर सांडला. या वेळी पेल्याला कान नव्हता आणि टेबल डुगडुगत नव्हतं. ठिणगी खाली वाकून घट्टच असलेले बोल्ट पुन्हा आवळायला लागला. तुझ्या वहिनीने माझ्या हातातून पेला घेतला, फडकं आणलं आणि स्टँड पुसत राहिली. "गंजेल," एवढंच म्हणाली. कोरडा झाला तरी पुसत होती.

तिला सगळं कधीचंच माहीत होतं. माझ्या शर्टाची बटणं बरेच दिवस तीच लावते आहे. मी म्हणायचो काजं घट्ट आहेत, ती म्हणायची हो. एकाच शिंप्याने इतकी काजं घट्ट कशी केली, हे तिने कधी विचारलं नाही.

बोटाचंही खरं सांगतो. कड लागली नव्हती. उजव्या हाताने चकती खाचेत बसवत होतो, ती थरथरीने बसेना, आणि रागाच्या भरात डाव्या हाताने दांडा ओढला. नखावर निभावलं. पाव इंच आत असतं तर हे पत्र तुझ्या वहिनीने लिहिलं असतं.

परवा तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, नेलं म्हणजे अक्षरशः ओढत नेलं. बाईंनी मला कागदावर गोल काढायला सांगितला. जन्मभर गोल चकत्या पाडल्या, खिळ्या, आणि तो गोल बघून मला माझीच लाज वाटली. गोळ्या दिल्या आहेत. थोडा आराम पडेल म्हणाल्या, पूर्ण जाईल असं नाही म्हणाल्या. पंचाखाली बोटं न्यायची नाहीत, हे मात्र तीनदा बजावलं.

मला भीती वाटते. हाताची वाटते त्याहून जास्त, या हातातून काम गेलं की मी घरात नुसता बसून काय करू याची वाटते. इतके दिवस सगळी चिडचिड फरशीवर, ठिणगीवर आणि तुझ्यावर काढली ती त्यापायीच. टेबल पक्कं केलं, फरशी फोडली, सिमेंट ओतलं. माझ्या भोवतीचं सगळं घट्ट केलं की मीही घट्ट होईन असं कुठेतरी वाटत होतं. अंगण सरळ आहे, तुझ्या वहिनीचं बरोबर होतं. हे तिला मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

हे पत्र मी स्टँडवर कागद ठेवून लिहितो आहे. स्टँड तसूभरही हलत नाही. आता अक्षर बघ.

तू चिठ्ठीत लिहिलंस, "एकट्याने चालवू नकोस." मी त्यातलं 'नकोस' तेवढं वाचलं आणि भडकलो. 'एकट्याने' वाचलंच नाही.

तर ऐक. दांडा मला अजून ओढता येतो. बारीक काही धरलं की हात थरथरतो, जड धरलं की गप्प बसतो. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं आहे, ओढायला त्यांची हरकत नाही. चकती बसवायला माणूस हवा. ठिणगी एका पायावर तयार आहे, पण तो वाक्यावाक्याला 'हं' म्हणतो. त्याच्याबरोबर कामाला बसलो तर दिवस मावळायच्या आत त्याच्या दहा बोटांची नऊ होतील. इतकी वर्षं चष्म्याचे नखाएवढे स्क्रू बसवून तुझी बोटं अजून स्थिर आहेत, आणि तू नको तेव्हा बोलत नाहीस. हा तुझा गुण आहे हे मला आज प्रथम कळतंय.

कुलूपवाल्याला सगळं खरं सांगितलं आणि थांब म्हटलं. "थांबतो की काका," म्हणाला. स्टँडच्या डाव्या अंगाला एक स्टूल मावेल एवढी जागा आहे. ठिणगीच्या हातून माप चुकून राहिली होती. तो भरून काढतो म्हणाला, मी भरू दिली नाही.

आप्पांचा नियम तुझ्या लक्षात असेलच. तुझी बोटं पंचाखाली असताना माझा हात दांड्यावर नुसता ठेवलेला. तू हात काढून 'हं' म्हणत नाहीस तोवर दांडा हलणार नाही. आलास तर सामान घेऊन ये, एका दिवसाचं काम नाही हे. आणि चहा मी पेल्यात घेतो आता, अर्धाच भरून, तेव्हा तुमच्या कपांना मी नावं ठेवली ती सोडून दे.

तुझ्या 'हं'ची वाट बघत, दांडा धरून बसलेला,

दादा