खडे मीठ आणि चित्राचं कार्ड

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
३ मे १९९९, सोमवार

चि. गोपीनाथ,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच. तुझ्या बायकोचा खोकला गेला. मस्कतला उकाडा इथल्यापेक्षा जास्त असेल, ताक पीत जा. पत्र रतनला लिहायला दिलं नाही, म्हणून अक्षर असं.

पोपटशी रतनचं जमवायचं नाही, असं तू लिहिलंस. सूनबाई कलावतीने ते वाचून दाखवलं, तेव्हापासून तुझी पोरगी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, आदळत नाही, तेच जास्त लागतं.

पोपट मला पहिल्यापासून पटला नाही. कॉम्प्युटरचं दुकान मानपाड्याला आणि आठवड्यातून तीनदा इथे. कशाला? तर रतन घरच्या कॉम्प्युटरवर बिल्डरच्या इमारतींची चित्रं फिरवते, त्यातलं चित्राचं कार्ड जोरात चालवायला. कंपनीने ठरवून दिलंय त्यापेक्षा जोरात. म्हटलं, कंपनीवाले खुळे काय रे? तर हसला. "आजी, ते भिऊन कमी ठेवतात. ओव्हरक्लॉक केलं तरी थंड ठेवलं की झालं." थंड कसं, तर मशीनचं झाकण काढून समोर टेबलफॅन. घरात फॅन एकच. आम्ही पदराने वारा घ्यायचा.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी कार्ड बंद पडलं. पोपटने दुसरं आणून लावलं. मी म्हटलं, चांगलं तूच ठेवून घेतलंस आणि हे भंगार लावलंस. त्याच्या तोंडावर म्हटलं, कलावतीसमोर म्हटलं, आणि तुलाही तेच कळवलं.

एक कळवलं नाही. त्या मंगळवारी रतन मशीन चालू ठेवून ऑफिसात गेलेली, कलावती बाजारात बसलेली. मी फॅन माझ्याकडे फिरवला आणि डोळा लागला. उठले तर मशीनला गरम वास. कार्डाला बोट लावलं तर चटका. आता मासळी तापली तर आपण काय करतो? बर्फात खडे मीठ टाकून पिशवी बांधली आणि कार्डावर ठेवली. मिठाने बर्फ जास्त गारठतो, हे त्या शिकलेल्या पोपटला कुठे ठाऊक. पिशवी गळली. पडदा काळा झाला. मी पुसलं, फॅन जागेवर ठेवला आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पोपटने कार्ड काढलं तर त्यावर पांढरे डाग. नखाने खरवडून जिभेला लावलं, माझ्याकडे बघितलं आणि रतनला म्हणाला, "माझी चूक. जास्तच जोर दिला." मला वाटलं, हा आज ना उद्या बोलणार. त्याआधी त्यालाच चोर ठरवलेला बरा.

महिना उलटला तरी बोलला नाही. ह्याला हवंय तरी काय, म्हणून काल टेंभी नाक्यावर गाठला. म्हणाला, "आजी, मला तुमच्या घरचा व्हायचंय. तुम्हाला खोटं पाडून कसा होऊ?"

इतकं गोड बोलणाऱ्यावर माझा आजही विश्वास नाही. पण चोर तो नाही.

तू होकार कळव आणि त्या पाकिटात हे पत्र परत घाल. रतनला वाचू दे. तोंडाने सांगायला गेले तर अर्धं मी पुन्हा त्याच्यावरच ढकलेन, मला माझी जीभ ठाऊक आहे.

खोटा आळ घेणारी,
तुझी आय
चंद्रभागा