चिमणीची दाढ

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शेडमध्ये फळं निवडायचा हंगाम आहे, मान वर करायला फुरसत नाही. माझी चिमणी शाळेतून थेट शेडवरच येते. पोरांनी लुडबुड करू नये म्हणून मुकादमीणबाई गोळ्या वाटतात. गालात गोळी धरली की सगळी चिडीचूप. आता तिची मागची दाढ किडलीय, रात्रभर कण्हते. पुढच्या सोमवारी शाळेच्या आवारात दातांच्या डॉक्टरांची गाडी येणार आहे. तिथे दात भरत नाहीत, नुसते काढतात. काढून टाकावी म्हणते. दुधाचीच आहे, दुसरी येईल. चिमणीलाही तसंच सांगितलंय, म्हणून स्वारी खुशीत आहे. तू दातांच्या दवाखान्यात काम करतेस, म्हणून आपलं विचारलं.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी


५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दाढ काढू नकोस! सहाव्या वर्षी मागे येते ती दुधाची नसते. आधी कुठलाही दात न पडता येते, म्हणून सगळे फसतात. ती गेली की गेली. चिमणीला घेऊन इकडे ये. तीन-चार खेपा होतील, पण आमचे डॉक्टर दाढ वाचवतील. आणि त्या मुकादमीणबाईंना म्हणावं, गोळ्या तुम्हीच खा, तेवढंच तुमचंही तोंड बंद राहील.

चिमणीला पापा. माझी माया आहेच, ती गृहीत धरून निघून ये.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गाडी यायच्या आधीच पोचलं. दोनदा वाचलं. तरीही दाढ काढली.

रजा मागितली, तर मुकादमीणबाई म्हणाल्या, खुशाल जा, परत येशील तेव्हा तुझ्या जागी दुसरी बसलेली असेल. आमचे हे ट्रक घेऊन लांब गेलेत. त्यात रविवारी चिमणीचा गाल सुजला, पाणीही गिळवेना. गाडीतल्या डॉक्टरांनीसुद्धा बजावलं, बाई, ही परत येणार नाही. मी मान हलवली. रांगेतल्या सगळ्याच आया मान हलवत होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? माझी मलाच लाज वाटते गं.

चिमणीला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी आ करून पुढ्यात उभी राहते, आली का बघ म्हणते. मी बघते, अजून नाही म्हणते. काल तिनं दुसऱ्या बाजूची दाढ दाखवली. तिच्यावरही काळा डाग आहे. म्हणाली, हीपण काढून टाकू, म्हणजे दोन्ही बरोबरच येतील.

हवं तेवढं रागाव, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
धाकटी