चौतीस भुंगेरे

४ मे
पोहोचलो एकदाचा! एकवीस दिवसांची का होईना, नोकरी आहे, आणि राहायला अख्खी दरी. चौकी म्हणजे एकच खोली. वर पत्रा, खाली मातीची जमीन, लोखंडी खाट, टेबल, रॉकेलचा स्टोव्ह. खिडकीशी उभं राहिलं तर फोनला रेंज येते. जीपवाले ड्रायव्हरकाका दर सोमवारी सामान टाकून जाणार. रडारड करणार नाहीस ना, असं त्यांनी दरीत उतरता उतरता विचारलं. आधीचा पोरगा म्हणे चौथ्या दिवशी आईला फोन करत होता. मी म्हटलं, काका, मला फोन करायला दुसरं माणूस आहे. ते इतके हसले की गिअर चुकला.

ते माणूस म्हणजे राणीसरकार. तोंडावर असं म्हटलं तर चप्पल बसेल. कॉलेजात ती माझ्या दोन वर्षं पुढे होती. मी एका मास्तराशी भांडून मधेच कॉलेज सोडलं, ती शिकून कीटकांच्या कचेरीत लागली. ही नोकरी तिनेच लावून दिली. म्हणजे मी तिच्या मनात आहे. कुठेतरी, कोपऱ्यात, पण आहे.

५ मे
काम सोपं आहे. चोवीस बरण्या तोंडापर्यंत जमिनीत पुरलेल्या, प्रत्येकीत सडलेल्या कोंबडीचं मुंडकं. उजाडता उजाडता फेरी मारायची, आत पडलेला भुंगेरा उचलायचा, पाठीवर पिवळा ठिपका द्यायचा, वहीत लिहायचं, सोडून द्यायचं. ठिपकेवाला परत सापडला तर मोजायचा नाही. दुपारी झोप.

भुंगेरा अंगठ्याच्या पेराएवढा. काळा, पाठीवर दोन नारिंगी पट्टे. मेलेला उंदीर सापडला की नर-मादी त्याच्या खालची माती उकरतात. मढं आपसूक खाली बसत जातं आणि वरून माती ढासळते. मग त्याचे केस उपटायचे, सडू नये म्हणून थुंकी चोपडायची, दाबून गोळा करायचा आणि त्यावर पोरं वाढवायची. हे सांगताना राणीसरकारचे डोळे असे चमकतात की मला उंदराचा हेवा वाटतो.

एकवीस दिवसांत शंभराच्या आत भरले तर भुंगेरा दुर्मीळ ठरणार आणि दरीला संरक्षण मिळणार. शंभराच्या वर गेले तर दरी दगडाच्या खाणीला जाणार. पंचवीस तारखेला समिती बसेल. राणीसरकारने यात दोन वर्षं घातली आहेत. तिचा जीव त्या आकड्यात अडकलाय आणि माझा तिच्यात.

तिने दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. आमिषाचा डबा चौकीपासून पन्नास पावलं लांब ठेवायचा आणि त्या कामाचा सदरा बाहेरच्या खिळ्यावर टांगायचा. तो वास आत आणायचा नाही.

९ मे
आजवर अकरा. कोल्ह्यांनी दोनदा डबा उलथवला, म्हणून झाकण घट्ट लावून खाटेखाली ठेवलाय. वास येतो थोडा, मरू दे.

तिला फोन केला. इकडे एकदा येऊन जा म्हटलं तर म्हणाली, आधी मोज, मग बोलू. वर कुठल्याशा सरांचं कौतुक दहा मिनिटं. माझं टाळकं फिरलं. फोन खाटेवर आपटला आणि सदरा न काढताच आडवा झालो. संध्याकाळपर्यंत तसाच पडून होतो, मढ्यासारखा.

१३ मे
खाट लंगडी झाली आहे. भिंतीकडचे दोन पाय चार बोटं जमिनीत गेले आहेत. डबा ओढून काढला तर खालची माती पिठासारखी भुसभुशीत. चमच्याने उकरलं. भुंगेरे. एकाच्याही पाठीवर ठिपका नाही. पन्नासनंतर मोजायचं सोडलं.

डबा बाहेर नेऊन टाकला, सदरा जाळला, खड्डा बुजवून वर दगड ठेवला. वहीत लिहिलं: एकूण तेवीस.

खरा आकडा लिहिला असता तर तिची दोन वर्षं पाण्यात गेली असती. आणि वास गेला की हेही जातील.

१८ मे
गेले नाहीत. दगड दिसत नाही. खाली गेला.

ड्रायव्हरकाका आले. माझ्याकडे बघत म्हणाले, प्रेमात लोक दाढी वाढवतात, तू भुवई काढलीस? मला वाटलं थट्टा करताहेत. जीपच्या आरशात पाहिलं. डावी भुवई नाही. एक केस नाही. जागा गुळगुळीत, आणि बोट लावलं तर चिकट.

काकांचं हसू तिथेच विरलं. बस गाडीत, म्हणाले, कचेरीला मी सांगतो तू आजारी आहेस. एक पाय आत टाकलाही होता. पण मी गेलो तर दुसरा मोजणारा येणार. तो खाटेखाली वाकून बघणार. म्हटलं, काका, आठवडाच राहिलाय.

धूळ खाली बसेपर्यंत जीपकडे बघत राहिलो.

२० मे
टेबल खिडकीशी ओढलंय, त्यावरच झोपतो. टेबलाचे पायही खचताहेत. दुपारी जाग आली तेव्हा गुडघे छातीला टेकलेले, मान आत वळलेली. मी असा कधीच झोपत नाही. पाठीवर कुणीतरी दाबत होतं — कुणीतरी नाही. खूप जणं.

२१ मे
खालून आवाज येतो. कंगव्यावरून नख फिरवावं तसा. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती खूश. म्हणाली, खाणं तयार झालं की आई-बाप पिल्लांना असं बोलावतात, तुला ऐकू आलं म्हणजे नशीबवान आहेस.

जिवंत जनावराकडे येतात का, विचारलं. नाही रे, म्हणाली. मग हसली. जिवंत असलं तर उठून पळून नाही का जाणार?

२३ मे
स्टोव्हमधलं रॉकेल जमिनीवर ओतलं. सगळी जमीन वर आली. कडेपासून कडेपर्यंत काळी, नारिंगी, हलणारी. शंभर नव्हे, हजार. आणि मग परत खाली गेली, जसं काही झालंच नाही.

दाराकडे जायला निघालो. पावलं बधिर. घोट्यापर्यंत चिकट, पिवळट काहीतरी वाळलंय. घासलं तरी निघत नाही. दोनदा पडलो. पुन्हा टेबलावर.

डोक्यावर केस नाहीत.

२५ मे
सकाळी फोनवर आकडा कळवला. चौतीस.

दुपारी तिचा फोन. समितीत सगळ्यांनी दरीच्या बाजूने हात वर केले. ती रडत होती. मला वेडा म्हणाली — ज्या आवाजात म्हणाली त्यासाठी मी काहीही —

मग भराभरा सांगितलं. आजपासून दरी बंद. विणीचा काळ, चाळीस दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही, गाडीसुद्धा नाही. फाटकाबाहेर काका अंधार पडेपर्यंत थांबतील, तू चालत ये.

सांगायचं होतं. जिभेवर होतं. पण मग चौतीसचं काय?

येतो, म्हटलं.

फोन टेबलावर ठेवून खाली उतरलो, पण दारापर्यंत पाय येत नाहीत. खिडकी वर गेली आहे. नाही — मी —

२६ मे
कमरेपर्यंत. दुखत नाही. कुठेच दुखत नाही.

काका गेले असतील. तिला वाटलं असेल मी रुसलो.

आवाज आता चारी बाजूंनी. पाठीपाशी काहीतरी बारीक, मऊ. खूप सारं. तोंड उघडमीट —

नंतर
फोन वाजतोय. तिचाच. सांगतो. ती थुंकली माझ्यावर तरी चालेल. चौतीस खोटं आहे, हजार आहेत, फाटक उघड, माणसं आण, फावडी आण. फोन टेबलाच्या कडेला, कडा माझ्या डोक्याच्या वर. हात वर करतो —

वाजतोय अजून. बोट लागलं. सरकला. अजून थोडं —

थांबू नकोस, वाजू दे, मी सांग